बोल्यांचा ठराव, चवदार तळं आणि हप्त्याहप्त्याने आलेलं स्वराज्य

मंगळवारी पहाटेपासून सिद्धिविनायकाची रांग ज्या रस्त्याला लागते त्याचं नाव एस. के. बोले मार्ग. दादर-प्रभादेवीचे लोक सरळ "बोले रोड" म्हणतात. हे बोले कोण, असं कोणाला विचारलं तर बहुतेक उत्तर येत नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण या माणसाने मुंबई कायदे कौन्सिलात मांडलेला एक ठराव नसता तर महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली असती. सीताराम केशव बोले. भंडारी समाजातले, गिरणी कामगारांमध्ये काम केलेले, सरकारने रावबहादूर केलेले. ४ ऑगस्ट १९२३ ला त्यांनी ठराव आणला की सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या, आणि सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने झालेल्या संस्थांच्या ताब्यातल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कोर्टं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. ठराव पास झाला.

आपण शाळेत शिकतो ते कसं? १८९२, १९०९, १९१९, १९३५. इंग्रजांनी हिंदुस्थानच्या राज्यकारभारासाठी केलेले चार कायदे, प्रत्येकाखाली चार मुद्दे, पाच मार्क. स्पर्धा परीक्षेची पोरं तर तक्ताच करून भिंतीला लावतात, माझ्या पुतण्याच्या खोलीत आहे तसला, त्यात पुढच्या रकान्यात "काँग्रेसने विरोध केला" असं ठरलेलं. त्या तक्त्यातून एकच कळतं, की इंग्रजांनी थोडं थोडं दिलं आणि आपण जास्त मागत गेलो. खोटं नाहीये ते. पण मिळालेल्या त्या थोड्याशात कोणी काय केलं हे त्यात कुठेच येत नाही. म्हणून मी इथे एकच ठराव हातात धरून सगळा रस्ता चालायचं म्हणतोय, कौन्सिलपासून तळ्यापर्यंत आणि तिथून कोर्टापर्यंत.

आधी थोडं मागे जाऊ. १८९२ च्या कायद्याने प्रांतांच्या कौन्सिलात बाहेरची माणसं आडवळणाने निवडून जायला लागली. टिळक १८९५ मध्ये मुंबई कौन्सिलात गेले, नंतर गोखले गेले. तिथे प्रश्न विचारता यायचे, बजेटवर बोलता यायचं, बास. बहुमत सरकारी. १९०१ मध्ये जमीन महसुलाच्या दुरुस्तीचं बिल आलं तेव्हा फिरोजशहा मेहता, गोखले आणि त्यांच्या बरोबरचे लोक उठून बाहेर गेले. दुसरं करण्यासारखं काही हातात नव्हतंच, बिल पास झालं. १९०९ ला सभासद वाढले, प्रांतात सरकारी बहुमत गेलं, मुसलमानांना वेगळे मतदारसंघ मिळाले, पण स्वतः भारतमंत्री मोर्लेसाहेबाने पार्लमेंटात सांगून टाकलेलं की यातून हिंदुस्थानात पार्लमेंटरी राज्यपद्धती येणार असेल तर त्याच्याशी आपला काही संबंध नाही. या काळातलं मला सगळ्यात चटका लावणारं वाटतं ते गोखल्यांचं प्राथमिक शिक्षणाचं बिल. १९११ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मांडलं, सक्तीचं शिक्षण, तेही हळूहळू, नगरपालिकांनी किंवा लोकल बोर्डांनी ठरवलं तरच. १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. गोखल्यांसारखा माणूस, सगळे आकडे जवळ, सरकारलाही ज्याच्याबद्दल आदर, आणि पोरांना शाळेत घालण्याचं बिल सुद्धा पास करून घेता येत नाही. गोखले १९१५ ला गेले. तीनच वर्षांनी, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई कौन्सिलात नगरपालिकांपुरता सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करून घेतला, पण गोखले ते बघायला नव्हते.

मग लढाई. पहिलं महायुद्ध चालू, सरकारला माणसं पाहिजेत पैसा पाहिजे, टिळक मंडालेहून सुटून आलेले, एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग, डिसेंबरात काँग्रेस आणि मुस्लिम लीगचा लखनौ करार. या सगळ्याचा दाब पडून २० ऑगस्ट १९१७ ला भारतमंत्री माँटेग्यूने जाहीर केलं की जबाबदार राज्यपद्धतीची टप्प्याटप्प्याने वाढ हे धोरण आहे. टप्पे किती, कधी, हे ठरवणार तेच. १९१८ ला या सुधारणांचा रिपोर्ट आला तेव्हा केसरीत टिळकांनी लिहिलं, "उजाडले, पण सूर्य कोठे आहे?" इतक्या कमी शब्दांत इतकं नेमकं राजकीय विश्लेषण मराठीत दुसरं सापडणं कठीण.

१९१९ च्या कायद्यातली द्विदल राज्यपद्धती नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण बोल्यांच्या ठरावाचं पुढे जे झालं त्याची किल्ली तिथे आहे. प्रांताच्या कारभाराचे दोन भाग केले. सोपीव खाती म्हणजे शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य, शेती, सहकार, अबकारी, ही हिंदी मंत्र्यांकडे, आणि ते मंत्री कौन्सिलला जबाबदार. राखीव खाती म्हणजे पोलीस, न्याय, जमीन महसूल, पाटबंधारे, पैसा, ही गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे, त्यांना कौन्सिल हात लावू शकत नाही. म्हणजे शाळा काढायची जबाबदारी मंत्र्याची, पण तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे. मुंबई इलाख्यात रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री झाले, अबकारीही सोपीव खात्यांतच होतं, आणि त्यातून पेच असा की दारूच्या उत्पन्नावर प्रांताचा बराच खर्च चालायचा, म्हणजे दारू कमी करा म्हणणाऱ्या लोकांचाच मंत्री शाळांसाठी पैसा मागताना दारूच्या उत्पन्नाकडे बघणार. माणूस कितीही हुशार असो, असल्या चौकटीत तो किती करणार?

मत कोणाला होतं हेही बघायला पाहिजे. खेड्यात ज्या जमिनीचा सारा ३२ रुपये किंवा जास्त तिच्या धारकाला, रत्नागिरीसारख्या गरीब जिल्ह्यात १६ रुपयांवर. शहरात घरभाडं किंवा इन्कम टॅक्स. सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात प्रांतिक कौन्सिलांचे मतदार पन्नास लाखांच्या थोडे वर, आणि लोकसंख्या चोवीस कोटींच्या आसपास. आमच्या खेड-दापोलीकडे गुंठ्या-गुंठ्याचे वरकस, म्हणजे हलक्या जमिनीचे तुकडे, मालकी खोताची, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या वतनदाराची, तिथे कसणाऱ्या माणसाचा सारा सोळा रुपयांपर्यंत पोचायचाच नाही. बायकांना सुरुवातीला मत नव्हतं, तो निर्णय प्रांतांवर सोडला होता आणि मुंबई कौन्सिलने १९२१ मध्ये ती आडकाठी काढली, पण साऱ्याची अट तशीच, आणि जमीन बाईच्या नावावर असायची कुठे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. पेन्शनर शिपायाला मत होतं, जमीन असो नसो. कोकणात महार पलटणीतले पेन्शनर सुभेदार, हवालदार, शिपाई गावोगाव होते. ज्या माणसाला गावच्या विहिरीला हात लावायची बंदी, त्याच माणसाचं नाव कौन्सिलच्या मतदार यादीत असू शकत होतं.

मतदारसंघ कसे पाडायचे हे ठरवायला साउथबरो कमिटी आली होती, तिच्यापुढे २७ जानेवारी १९१९ ला सिडनहॅम कॉलेजमधल्या एका तरुण प्राध्यापकाने साक्ष दिली. वय २७. भीमराव आंबेडकर. त्याच कमिटीपुढे विठ्ठल रामजी शिंदेही बोलले. आंबेडकरांचं म्हणणं साधारण असं, की या देशात मत देताना माणूस आपल्या जातीच्या, आपल्या वर्गाच्या माणसाला देतो, मग जो वर्ग मतदार यादीतच नाही त्याचं गाऱ्हाणं कौन्सिलात मांडणार कोण? त्यांनी मताची अट खाली आणायची आणि अस्पृश्यांना लोकसंख्येच्या हिशोबाने जागा द्यायची मागणी केली. मिळालं काय, तर मुंबई कौन्सिलात एक जागा, तीही सरकारने नेमायची. मराठा व तत्सम जातींसाठी मात्र सात राखीव जागा ठेवल्या गेल्या. त्यासाठी ब्राह्मणेतर चळवळीने जोर लावला होता.

१९२० च्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार टाकला. टिळक त्याच वर्षी १ ऑगस्टला गेले होते, ते असते तर कौन्सिलात जायच्या बाजूने उभे राहिले असते असं मला वाटतं, सरकार जेवढं देईल तेवढं सहकार्य, ही प्रतियोगी सहकारितेची त्यांची भूमिका तशीच होती. बहिष्काराला राष्ट्रीय चळवळीत मोठा मान आहे आणि असावाच, असहकारात लोकांनी नोकऱ्या सोडल्या, तुरुंगात गेले. पण त्याचा एक परिणाम झाला जो आपण बोलत नाही. नेहमीचे वकील-पुढारी बाहेर राहिल्यामुळे कौन्सिलात वेगळी माणसं आली. भास्करराव जाधवांसारखे सत्यशोधक आले, बोले आले. या माणसांचे प्रश्नच वेगळे होते. गव्हर्नरकडून आपल्याकडे किती अधिकार आले हा प्रश्न त्यांच्याही डोक्यात होता, पण त्याच्या आधी त्यांना विचारायचं होतं की गावातल्या विहिरीवर कोण जाऊ शकतो, शाळेच्या वर्गात कोण बसू शकतो. मला वाटतं स्वराज्याचा विचार इथे एक पायरी खाली उतरला, खाली म्हणजे जमिनीपर्यंत आला.

तर ४ ऑगस्ट १९२३ चा ठराव. कौन्सिलचा ठराव म्हणजे कायदा नाही, ती सरकारला केलेली शिफारस. सरकार फाइलला लावून गप्प बसू शकलं असतं. पण ११ सप्टेंबर १९२३ ला मुंबई सरकारने आपल्या खातेप्रमुखांना आदेश काढले की आपापल्या ताब्यातल्या जागांपुरती याची अंमलबजावणी करा, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी स्थानिक संस्थांना तसा सल्ला द्यावा. बघा, सल्ला. नगरपालिका आणि लोकल बोर्डं म्हणजे स्थानिक स्वराज्य, त्यांच्यावर जबरदस्ती करायची नाही, असं ते धोरण. आता नगरपालिकेत बसलेले कोण? गावातली घरंदाज, जमीनवाली, दुकानवाली मंडळी. स्वराज्य जसजसं खाली जाणार तसतसं ते यांच्याच हातात जाणार होतं, आणि यांच्याच विहिरीवर बाकीच्यांना बंदी होती. हा तिढा इंग्रजांनी निर्माण केला नव्हता, पण त्यात पडायची त्यांची तयारीही नव्हती.

तरी महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ ला ठराव केला की चवदार तळं अस्पृश्यांना खुलं आहे. हे मला खरंच विलक्षण वाटतं, कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातलं एक छोटं बाजाराचं गाव, सावित्रीच्या काठचं, आणि तिथली नगरपालिका असा ठराव करते. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे ही कायस्थ मंडळी आणि रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे तरुण कार्यकर्ते त्या भागात होते, त्यामुळे हवा थोडी वेगळी होती. पण ठराव झाला आणि तीन वर्षं कोणी तळ्यावर गेलं नाही. जाणार कसं? तळ्याच्या चारी बाजूंनी सवर्णांची घरं. मुसलमान त्या तळ्याचं पाणी भरायचे, गुरंढोरं प्यायची, आणि बाजाराला आलेल्या महाराने मात्र तहानलेलं परत जायचं. कागद नगरपालिकेच्या कपाटात. मंत्र्याच्या खात्यातून निघालेला आदेश आणि तो मोडणाऱ्याला पकडणारा पोलीस मात्र राखीव खात्यातला, गव्हर्नरचा. द्विदल राज्यपद्धती म्हणजे नक्की काय याचं याहून साधं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

बोले गप्प बसले नाहीत. ५ ऑगस्ट १९२६ ला त्यांनी दुसरा ठराव आणला, की ज्या नगरपालिका आणि बोर्डं पहिला ठराव पाळत नाहीत त्यांचं सरकारी अनुदान बंद करा. कौन्सिलच्या हातात दात असा एकच होता, पैसा, आणि तो वापरा असं ते सांगत होते.

१९२७ च्या सुरुवातीला आंबेडकर कौन्सिलात आले, सरकारनियुक्त सभासद म्हणून, त्यांच्याबरोबर डॉ. सोळंकी. २४ फेब्रुवारीला त्यांनी बजेटवर भाषण केलं आणि शेतसाऱ्याची पद्धत गरिबाला कशी मारते ते मांडलं, की मोठ्या जमीनदाराला आणि एक एकरवाल्याला एकाच मापाने कर कसा काय लावता. आणि महिना उलटायच्या आत, १९ आणि २० मार्चला, ते महाडला होते. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. परिषदेला आलेल्या हजारोंमध्ये पेन्शनर शिपाई पुष्कळ. २० तारखेला शिस्तीत रांगा करून सगळे बाजारातून चवदार तळ्यावर गेले, आंबेडकरांनी पाणी घेतलं, मग बाकीच्यांनी.

इथे मला थांबून एक गोष्ट ठासून सांगायची आहे. आपण सत्याग्रह म्हटलं की कायदा मोडणं असं धरतो. मिठाचा तसा होता. महाडला कायदा मोडला जात नव्हता. कौन्सिलचा ठराव होता, सरकारचा आदेश होता, नगरपालिकेचा ठराव होता, आणि हे लोक ते तिन्ही कागद अमलात आणायला गेले होते जे तीन-चार वर्षं कोणी अमलात आणले नव्हते. एका अपुऱ्या, बहुतांश लोकांना मतच नसलेल्या कौन्सिलातून निघालेला कागद, आणि त्याला खरेपणा आला तो ज्यांना त्या कौन्सिलात एक-दोन नेमलेल्या जागांपलीकडे काही नव्हतं अशा लोकांच्या पायांनी.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे तरी सांगतो. आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठवली गेली, परतीच्या वाटेवरच्या लोकांना लाठ्याकाठ्यांनी मारलं, जेवणाच्या मंडपात अन्नात माती कालवली. कित्येकांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. पेन्शनर शिपायांच्या हातून उलट मार सहज झाला असता, आंबेडकरांनी तो होऊ दिला नाही. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाल्या. तळ्याचं गोमूत्र-शेण घालून शुद्धीकरण करण्यात आलं. आणि मग नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला, कधी तर ४ ऑगस्ट १९२७ ला. बोल्यांचा ठराव पास झाला त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षं होत होती. मुद्दाम तो दिवस निवडला असं म्हणायला काही आधार नाही, पण तारीख बघून पोटात कालवलं माझ्या.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. तिला जागा मिळेना, शेवटी एका मुसलमान गृहस्थाने दिली. सत्याग्रहाच्या आधीच सवर्ण मंडळींनी दिवाणी दावा टाकला की तळं खाजगी आहे, आणि कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, पण तळ्यावर जायचं आंबेडकरांनी थांबवलं. कोर्टाचा हुकूम मोडला असता तर लढाई सरकारशी झाली असती, आणि त्यांना ती तळ्याच्या हक्कावरच ठेवायची होती. हजारो लोक तयार असताना, नावं नोंदवून बसलेले असताना, त्यांना परत फिरवणं सोपं नसतं. तो निर्णय मला मनुस्मृती जाळण्याइतकाच मोठा वाटतो.

त्या कौन्सिलात आंबेडकरांनी पुढची काही वर्षं जे केलं ते वाचताना जाणवतं की हा माणूस तुटपुंज्या अधिकारातूनही एकेक दोर ओढून बघत होता. १९२८ ला महार वतनाचं बिल, ज्यात वतनदार महाराला सरकारी कामाच्या नावाखाली रात्रंदिवस राबवण्याची पद्धत बदलायची होती, ते पुढे मागे घ्यावं लागलं. गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता देणाऱ्या बिलाला पाठिंबा दिला, ते १९२९ ला कायदा झालं. १९१९ च्या कायद्याचा आढावा घ्यायला आलेल्या सायमन कमिशनबरोबर काम करायला नेमलेल्या प्रांतिक कमिटीत ते होते, पण बाकीच्यांच्या रिपोर्टवर सही न करता मे १९२९ मध्ये स्वतःचा वेगळा रिपोर्ट दिला आणि त्यात सरळ मागितलं, प्रौढ मतदान. सगळ्यांना मत. त्या वेळी ही मागणी अव्यवहारी म्हणून उडवली जायची, लोक अडाणी आहेत, मतदार याद्या करणार कोण वगैरे. आणि गंमत नाही, कटू सत्य आहे, की याच साम्राज्याने १९३१ मध्ये सिलोनला, आपल्या शेजारच्या बेटाला, प्रौढ मतदान दिलं. तिथेही निरक्षर लोक होते. दिल्ली-मुंबईला मात्र आणखी वीस वर्षं थांबावं लागलं.

गोलमेज परिषदा, जातीय निवाडा, पुणे करार यात मी जास्त शिरत नाही, त्यावर रोज भांडणं चालू असतात. आकडे तेवढे लक्षात ठेवा, निवाड्यात अस्पृश्यांसाठी प्रांतिक कायदेमंडळांतल्या ७१ जागा होत्या आणि २४ सप्टेंबर १९३२ च्या करारात १४८ राखीव जागा झाल्या, पण वेगळा मतदारसंघ गेला. १९३५ चा कायदा आला, प्रांतात द्विदल पद्धत संपली, सगळी खाती मंत्र्यांकडे, मतदार साडेतीन कोटींच्या आसपास. गव्हर्नरच्या खास जबाबदाऱ्या मात्र ठेवल्या आणि कलम ९३ ठेवलं, की घटना चालत नाही असं वाटलं तर गव्हर्नर सगळा कारभार हातात घेईल.

१९३७ च्या फेब्रुवारीत मुंबई असेंब्लीची निवडणूक झाली. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष. मुंबईत आंबेडकरांच्या विरुद्ध काँग्रेसने पाळवणकर बाळू यांना उभं केलं, तेच ते फिरकी गोलंदाज, ज्यांचं एके काळी आंबेडकरांनाही कौतुक होतं. मुंबई इलाख्यात राखीव जागा असलेल्या, एकाहून जास्त सभासदांच्या मतदारसंघांत मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देता यायची, आणि लोकांनी ती सोय बरोबर वापरली. आंबेडकर निवडून आले, पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले. आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाचा निकाल आला, चवदार तळं नगरपालिकेचं आहे, अस्पृश्यांना बंदी करण्याची पुरातन रूढी दावेकऱ्यांना सिद्ध करता आली नाही. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते, ज्यांनी १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती. नवा कायदा १ एप्रिलला लागू झाला. म्हणजे प्रांतिक स्वायत्ततेच्या दोन आठवडे आधी महाडला पाणी मिळालं, हक्काने. ठरावापासून मोजलं तर साडेतेरा वर्षं.

गव्हर्नर मंत्र्यांच्या कारभारात ढवळाढवळ करणार नाही असं आश्वासन मागत काँग्रेस थांबली, तोवर धनजीशा कूपर यांचं तात्पुरतं मंत्रिमंडळ आलं. त्याला पाठिंबा नव्हता, तरी त्याच्याच काळात सावरकरांवरची रत्नागिरीची बंधनं उठली. जुलैत बाळासाहेब खेर आले. खेरांनी कामं केली, बार्डोलीच्या लोकांच्या गेलेल्या जमिनी परत मिळाल्या, दारूबंदी सुरू झाली. पण माझ्यासारख्या कोकणातल्या माणसाला आठवतं ते खोतीचं बिल. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मांडलं. आमच्या आजीच्या तोंडून खोताच्या वेठीच्या कहाण्या मी ऐकल्यात, भात झोडून झालं की पहिला वाटा खोताचा, घरात लग्न असलं तरी आधी खोताच्या अंगणात काम. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी कुळं मुंबईत आली, कोकणातून बोटीने, डोक्याला फडकी बांधलेली, आणि कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला. ती इमारत आज रीगलजवळ राज्य पोलीस मुख्यालय म्हणून उभी आहे. बिल पास झालं नाही. आपलं सरकार, निवडून आलेलं, लोकांच्या प्रेमातलं, आणि तरी नाही झालं. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, कारण व्हाइसरॉयने कोणाला न विचारता हिंदुस्थानाला युद्धात ओढलं होतं, आणि कलम ९३ खाली गव्हर्नरचं राज्य १९४६ पर्यंत. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

संविधान सभेत १९३५ च्या कायद्यातलं बरंच उचललं म्हणून टीका झाली तेव्हा आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला स्पष्ट सांगितलं की त्याची मला लाज नाही, घेतलेला भाग मुख्यतः कारभाराच्या तपशिलाचा आहे. ते बरोबरच होतं. पण तपशिलाबरोबर कलम ९३ ची छाया पण आली, ३५६ मध्ये. १९८० ला, २०१४ ला, २०१९ ला महाराष्ट्राने राष्ट्रपती राजवट पाहिली. गव्हर्नर हे पद कसं वापरलं जातं यावर आपण दर दोन-चार वर्षांनी भांडतो, ते भांडण १९३७ च्या उन्हाळ्यात काँग्रेस जे आश्वासन मागत होती त्याचंच आहे.

आणि दुसऱ्या बाजूला कलम १५ मधला दुसरा भाग उघडून वाचा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते, सरकारी पैशाने पूर्णपणे किंवा अंशतः चालवलेली सार्वजनिक ठिकाणं, यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणत्याही नागरिकावर बंदी घालता येणार नाही. बोल्यांचा ठराव शेजारी ठेवून वाचा, सरकारी पैशाची तीच कसोटी, जवळपास तीच यादी. कुठल्या परदेशी घटनेतून आला हा भाग, असं कोणी विचारलं तर मी महाडचं नाव घेतो. १९२३ ला ही यादी सरकारने नगरपालिकांना द्यायच्या सल्ल्यापुरती होती. १९५० ला मूलभूत हक्क झाली. पण हक्क मोडणाऱ्याला शिक्षा काय, हे तेव्हाही लिहायचं राहिलं होतं. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली आणि तिचं पालन हा गुन्हा ठरवला, तरी गुन्ह्याची शिक्षा कायद्याने ठरवायची होती. तो अस्पृश्यता (अपराध) कायदा आला १९५५ मध्ये. त्यात नदी, झरा, विहीर, तलाव, नळ, एकेक नाव घेऊन लिहिलंय, आणि तिथे अस्पृश्य म्हणून कोणाला अडवलं तर तुरुंग.